फुकटची मोजणी

माझी वेबसाइट बनवणाऱ्या माणसाने माझ्या गिऱ्हाइकांना फसवलं, आणि माझ्या दुकानाच्या नावावर फसवलं. मलाही फसवलं, पण ते नंतर.

सुरतेत लिंबायतला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी शिवणकाम करते. स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बायकांसाठी आतले कपडे आणि ब्लाउज, ज्यात एका बाजूला मऊ कापसाची गादी असते. सुरुवात शेजारणीपासून झाली. तिने आत येऊन दार लावून घेतलं आणि विचारलं, "असं काही शिवता येईल का? पण बाहेर बोलायचं नाही हं." तेव्हापासून माझ्याकडे नाव विचारायची पद्धत नाही. माप घेतलं की बाई काटपीसच्या ढिगातून आपल्या हाताने एक चिंधी उचलते. ती मी मधोमध कापते. अर्धी तिच्याकडे, अर्धी पिशवीला टाचलेली. माल न्यायला नवरा येवो, बहीण येवो की रिक्षावाला, चिंधीला चिंधी जुळली की पिशवी हातात. आत काय आहे ते नेणाऱ्याला कळायचं कारण नाही.

लांबच्या बायका फोनवर बोलायला लाजत. त्यांना नुसतं बघता यावं, माप कसं घ्यायचं ते वाचता यावं, म्हणून वेबसाइट काढली. बनवणारा आमच्याच धुळ्याकडचा, सुरतेत वाढलेला, रिंग रोडला ऑफिस थाटून बसलेला. मला मावशी म्हणतो. रोज किती जणी बघून जातात ते कळलं पाहिजे, असं मी म्हटलं तर त्याने त्याचे वेगळे पैसे सांगितले. मार्केटमध्ये भाव पटला नाही की उठते तशी मी खुर्चीवरून उठले आणि जिन्यापर्यंत गेले. त्याने हाक मारली, "बसा मावशी, बसा. मोजणी फुकट."

घरी येऊन मी हे नवऱ्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तो लूमवरून येऊन हातपाय धूत होता. "फुकट? त्या बिचाऱ्याची चटणी केलीस की," म्हणाला.

गेल्या हिवाळ्यात एक मुलगी आली. नवागामला राहते, शाळेत शिकवते. वेबसाइट बघून आली होती. लग्न ठरलं होतं. माप घेताना आपणहून बोलली, "त्याला अजून माहीत नाही, मावशी. हळदीच्या आधी सांगणार आहे. मीच सांगणार. त्याला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको." तिने पिवळी चिंधी निवडली.

पुन्हा आली तेव्हा तिने आपली अर्धी चिंधी मशीनवर ठेवली आणि बसून राहिली. मी पिशवी काढली, तिने हात पुढे केला नाही. मग सांगितलं. दोघं चहाला बसले होते. पत्रिकांचे नमुने बघायला त्याने तिचा फोन घेतला. एक पत्रिका झाली की मध्ये जाहिरात, दुसरी झाली की पुन्हा तीच. ऑपरेशननंतर बायकांनी घालायचे कपडे, चित्रासकट. कंपनी कोणती तरी भलतीच.

"त्याने विचारलं, हे तुलाच का दाखवतात?"

"मग?"

"मग सांगितलं. पण ते सांगणं नव्हतं, मावशी. पकडल्यावर कबूल करतात, तसं झालं."

"तो काय म्हणाला?"

"चहा संपवला. मला रिक्षात बसवून दिलं." तेव्हापासून तो फोन उचलत नव्हता. "मी कुठे काही शोधलं नव्हतं. फक्त तुमची वेबसाइट बघितली होती. हे केलं कोणी?"

मला रडू आलं नाही, रागही आला नाही. तिचा ब्लाउज मी पुन्हा एकदा घडी घालून पिशवीत ठेवला. ती "असू द्या" म्हणाली आणि पिशवी न घेता गेली.

दुसऱ्या दिवशी रिंग रोडला वेबसाइटवाल्याकडे गेले. त्याने चहा मागवला आणि हसत हसत समजावलं. ती मोजणी येणाऱ्या प्रत्येक फोनवर एक खूण ठेवते. तो फोन मग कुठल्याही साइटवर गेला तरी मोजणीवाली कंपनी ती खूण ओळखते आणि तशाच जाहिराती दाखवते.

"बधा आवूंज करे छे, मावशी. सगळेच असं करतात."

"तुला काय मिळतं?"

"माझ्या धंद्याच्या जाहिराती सवलतीत."

"फोन न ओळखणारी मोजणी नसते का?"

"असते ना."

"लाव."

माझ्या चहावर साय धरेपर्यंत त्याने ती लावून दिली. जुनी काढली. नवी मोजणी फोनवर काही ठेवत नाही, कोण आलं ते टिपत नाही. कोणतं पान किती वेळा उघडलं तेवढं मोजते, आणि तो आकडा माझ्याच साइटवर राहतो, बाहेर जात नाही. माझ्याकडे निदान अर्धी चिंधी तरी राहते. या मोजणीकडे तीही नाही.

"ही तुला तेव्हा माहीत होती?"

"होती."

"मग?"

"तुम्ही विचारलं नाही. तुम्ही फुकट मागितलं."

एरवी मी ग्लास भिरकावला असता. कमी भावासाठी बाजारात लोकांच्या अंगावर गेलेली बाई आहे मी. त्या दिवशी ग्लास टेबलावर ठेवला. तोंडातून निघालं तेही हळूच. "तुले लाज नही वाटस का?"

"अरे वा," तो हसला, "मावशीने आज अहिराणी बाहेर काढली."

आता मी सकाळी मशीनवर बसायच्या आधी आकडा बघते. मापाचं पान कोणीतरी उघडलेलं असतं. कोणी, ते मला कळत नाही. कळायला नकोही. बघते आणि फोन उलटा ठेवते. पिवळ्या चिंधीची पिशवी खुंटीवर आहे. मुलीची अर्धी चिंधीही मी त्या पिशवीलाच टाचून ठेवली आहे. ती परत आलेली नाही.

वेबसाइटवाल्याला मी दोनदा बोलावलं. "येतो मावशी, येतो," म्हणतो.

येतो नको. ये. मोजणी बदलून दिलीस म्हणजे सुटलास असं समजू नकोस. नवागामची शाळा मला माहीत आहे. ती हो म्हणाली तर मी तिला घेऊन येईन. माप घ्यायच्या पडद्याच्या अलीकडे स्टूल ठेवलं आहे, त्यावर बस आणि तिने मला विचारलं होतं त्याचं उत्तर दे. हे केलं कोणी? तिने स्वतःच्या तोंडाने सांगायची गोष्ट तू सवलतीच्या जाहिरातींसाठी दिलीस, हे तिच्यासमोर बोल. मी भाव करणार नाही.