अनाथाश्रमातलं बोरन्हाण

चिंचवडला रेल्वेच्या फाटकापलीकडे, नदीच्या अंगाला मिशनचा एक अनाथाश्रम होता. त्यात तान्ह्या मुलांची वेगळी खोली होती, चौदा पाळण्यांची. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मी तिथं जात असे. पगार नाही, काही नाही. नवरा पिंपरीच्या एका कंपनीत फिटर. आम्ही कराडकडून आलेलो, चाळीत दोन खोल्या, सासूबाई आमच्यापाशी, मुलगा चार वर्षांचा. सेवाभाव वगैरे शब्द लोकांनी मला पुढे चिकटवले. खरं सांगायचं तर घरी माझं कुणी ऐकत नव्हतं आणि आश्रमात ऐकत होते, म्हणून मी जात होते.

लंगोट बदलायचे, बाटल्या उकळायच्या, दूध पाजायचं, एवढंच काम. चौदा पोरांमागं दोन आया. एकेकाला मांडीवर घेऊन पाजायला वेळ कुणाला? त्या उशाशी फडक्याची गुंडाळी ठेवून बाटली तिच्यावर टेकवत आणि पुढच्या पाळण्याकडे जात. बाटली घसरली की पोर हवा चोखत पडायचं. मला पहिल्यांदा फार राग आला होता. मग मीही तसंच करू लागले.

दिवाळीनंतर एक परदेशी मुलगी तिथं राहायला आली. मिशनतर्फे सहा महिने सेवा करायला. एकोणीस वर्षांची, तोंडभर तांबूस ठिपके, आणि आपल्या देशात परत गेल्यावर लहान मुलांची नर्स व्हायचं असं तिचं ठरलेलं. ती आल्या दिवशी फरशीवर फतकल मारून बसली आणि एकेक पोर मांडीवर घेऊन पाजायला लागली. चौदा पोरं, दिवसातून पाच वेळा. आम्ही पदर तोंडाला लावून हसलो. म्हटलं, नव्याची नवलाई, आठ दिवसांत उतरेल. ती उतरली नाही.

खिडकीशेजारच्या पाळण्यात एक मुलगी होती. महिन्याची असताना कुणी तरी दवाखान्यात सोडून गेलं होतं. ती रडायची नाही. भूक लागली तरी नाही. नुसती आढ्याकडे बघत राहायची आणि बाटली लावली की मान फिरवायची. त्या परदेशी मुलीनं तिला मांडीची सवय लावली. जानेवारीपर्यंत ती सात महिन्यांची झाली, अंग धरलं, आणि एक दिवस मला बघून चक्क खदखदून हसली. त्या दिवसापासून ती माझीही लाडकी. नाशिकच्या एका मास्तर नवरा-बायकोनं तिला पसंत केलं होतं. कागदपत्रं झाली होती, फेब्रुवारीअखेर ते तिला न्यायला येणार होते.

तर तेव्हा माझ्या डोक्यात बोरन्हाणाचं खूळ शिरलं. संक्रांतीनंतर लहान मुलांना काळी झबली घालून पाटावर बसवतात, डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, रेवड्या ओततात, आणि जमलेली पोरं ते लुटतात. माझ्या मुलाचं केलं होतं तेव्हा सारी चाळ लोटली होती. म्हटलं, या पोरांनी काय घोडं मारलंय?

आश्रमाच्या मोठ्या बाई नगरकडच्या, ख्रिस्ती, शिस्तीच्या. त्या म्हणाल्या, "आमच्यात असलं नसतं." मी म्हटलं, "पूजा नाही, मंत्र नाही, नुसतं पोरांचं कौतुक." मग त्यांनी दुसरी अडचण काढली. तान्ह्यांच्या खोलीत बाहेरच्या मुलांना मनाई होती. मी हट्टाला पेटले. लुटायला पोरंच नसतील तर ते बोरन्हाण कसलं?

म्हातारी आया तिथं लंगोट वाळत घालत होती. ती चिंचवड गावातली, पाच पोरं वाढवलेली. ती म्हणाली, "बाई, बाहेरची पोरं आत नगा आणू. ह्या लेकरांनी आईचं दूध न्हाई प्यालेलं. जराशानं बी आडवी व्हत्यात."

मी म्हटलं, "आजी, एक दिवसानं काय होतंय?"

"मी आपलं सांगितलं. पुढं तुमी जाना."

मोठ्या बाई शेवटी हो म्हणाल्या. मी चाळीतून कापडाचे तुकडे गोळा केले, चौदा काळी झबली शिवली, हलव्याचे दागिने केले. शुक्रवारची दुपार ठरली.

त्या सकाळी माझा मुलगा कुरकुरत उठला. नाक वाहत होतं, डोळे लाल होते, अंग कोमट लागत होतं. सासूबाई म्हणाल्या, "ठेव त्याला घरी." पण चाळीतली दहा पोरं मी गोळा केलेली, सगळ्यांत पुढे मिरवणार माझा मुलगा, आणि तोच घरी? मी तव्यावर ओवा शेकून त्याची पुरचुंडी त्याच्या छातीला लावली, स्वेटर चढवला आणि निघाले. मला त्याचे डोळे दिसले होते. दिसले नाहीत असं मी कधीच म्हणणार नाही.

कार्यक्रम झोकात झाला. परदेशी मुलगी दोनच दिवसांपूर्वी परतली होती. मिशनच्या दक्षिणेतल्या एका दवाखान्यात, मुलांच्या वॉर्डात, ती दोन आठवडे मदतीला गेली होती. खिडकीजवळच्या मुलीला मांडीवर घेऊन ती पाटावर बसली. मी वरून चुरमुरे ओतले. पोरांची झुंबड उडाली. माझ्या मुलानं मूठभर बोरं उचलली आणि वाकून त्या बाळाच्या दोन्ही गालांचे पापे घेतले. सगळ्या बायका "अगंबाई" म्हणाल्या. मला धन्य धन्य वाटलं.

रविवारी त्याच्या कानामागं पुरळ उठलं, सोमवारी अंगभर. गोवर. चाळीत कुणी घाबरलं नाही. सासूबाईंनी कडुलिंबाचा डहाळा दाराला बांधला, म्हणाल्या, "येऊन गेला म्हणजे सुटलो." तेवढ्यापुरतं मलाही तसंच वाटलं. मग दुपारी पोळ्या लाटताना ते पापे आठवले आणि माझे हात थांबले.

चिंचवड किती लांब होतं? बसनं पंधरा मिनिटं. जाऊन नुसतं सांगायचं होतं, की माझ्या मुलाला गोवर आलाय, पोरांवर लक्ष ठेवा. मी मंगळवारी शेजारणीबरोबर निरोप पाठवला, घरी पाहुणे आलेत. शुक्रवारीही पाहुणेच, त्यापुढच्या मंगळवारीही. मोठ्या बाई काय म्हणतील, आया काय म्हणेल, हेच डोक्यात. एरवी माझं तोंड चाळीत कुणाला आवरायचं नाही, आणि नेमकं तेव्हाच त्याला कुलूप लागलं.

पुढच्या शुक्रवारी मुलगा खडखडीत बरा झाल्यावर गेले. दारातूनच पोरांचा खोकला ऐकू आला. सहा पाळण्यांत पुरळ उठलं होतं. डॉक्टर आलेले. खिडकीजवळच्या मुलीच्या छातीला नळी लावून ते म्हणाले, "संसर्ग झाल्यावर पाचसहा दिवसांत कळलं असतं, तर पुण्याहून सुई आणून टोचता आली असती. निदान जोर तरी कमी झाला असता. इथं कुणी आजारी मूल आलं होतं का?"

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बोरन्हाणाची मुलं?"

"सगळी ठणठणीत होती," मी म्हणाले.

परदेशी मुलगी हळूच काही तरी इंग्रजीत बोलली. मोठ्या बाईंचा चेहरा उतरला. दक्षिणेतल्या त्या वॉर्डात गोवराची मुलं होती. "हिच्या कपड्यांतूनच आला म्हणायचा," मोठ्या बाई म्हणाल्या. डॉक्टर घाईत होते. ते म्हणाले, "तसा येत नाही सहसा," आणि पुढच्या पाळण्याकडे वळले. सहसा या शब्दाकडे कुणी लक्ष दिलं नाही. मी दिलं, आणि गप्प राहिले. म्हातारी आया माझ्याकडे बघत होती. तिनं विचारलं, "तुमचं पोरगं बरं हाय न्हवं?" मी म्हटलं, "बरं आहे."

आता मी रोज जाऊ लागले. घरी भांडून जात होते. बाकीची पाच हळूहळू सावरली. खिडकीजवळचीला न्यूमोनिया झाला. श्वास घेताना तिच्या बरगड्यांखाली खड्डा पडायचा. ती पुन्हा रडायची थांबली, पुन्हा आढ्याकडे बघू लागली. परदेशी मुलीनं तिला पाळण्यात ठेवलंच नाही, भिंतीला टेकून तशीच मांडीवर घेऊन बसायची, चमच्यानं पाणी द्यायची. बुधवारी दुपारी, बाटल्यांच्या वेळेला, ती पोर गेली. मोठ्या बाईंनी नाशिकला पत्र लिहिलं. काळ्या झबल्यातच पुरा, असं कुणी तरी म्हणालं. मी ओरडून नको म्हटलं आणि तिला पांढरं घालायला लावलं. माझ्या त्या ओरडण्याचंही लोकांनी कौतुक केलं, की हिचा जीव किती.

परदेशी मुलगी सहा महिने पुरे व्हायच्या आत निघाली. कुणी तिला जा म्हटलं नव्हतं, पण तिच्या हातात मूल द्यायला आया कचरू लागल्या होत्या आणि ते तिच्या लक्षात आलं होतं. नर्स व्हायचं तिनं सोडून दिलं, असं मोठ्या बाईंनी मला सांगितलं. लहान मुलांना परत हात लावणार नाही म्हणत होती.

जायच्या सकाळी तिनं मोठ्या बाईंकडून एक मराठी वाक्य घोकून घेतलं आणि ती प्रत्येकीपुढे जाऊन उभी राहिली. म्हातारी आयेनं तिचे दोन्ही हात धरले. "न्हाई गं बाय, तुजा काय दोस," म्हणाली, आणि रडली. मग ती माझ्यापुढे आली. ओठ सुजलेले, डोळे सुजलेले. "मला माफ करा," ती म्हणाली.

खोलीत आम्ही दोघी, म्हातारी आया आणि मोठ्या बाई. बस यायला अजून अवकाश होता.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "जाऊ दे. तू मुद्दाम थोडंच केलंस? केलं माफ."