बाई कोठे बठी?

कुठलीही गोष्ट दाखवली की शेठ ती हातभर लांब धरत, एक डोळा मिटत आणि विचारत, "ते ठीक शे. पन बाई कोठे बठी?" म्हणजे बाई बसणार कुठे? दुकानात कपाट आलं, पंखा हलवला, तरी प्रश्न हाच. एका प्रश्नावर जन्म काढणारे दुकानदार तुम्हीही पाहिले असतील. पण तो प्रश्न वेबसाइटला विचारणारा मी तरी एकच पाहिला.

शहाद्यात त्यांचं साड्यांचं दुकान. घराणं राजस्थानचं, घरात मारवाडी, गादीवर मात्र पक्की अहिराणी. मी आठवीत शाळा सोडलेला, कोकणातला, मोबाइल दुरुस्त करता करता वेबसाइट बनवायला शिकलेला. शेठनी मला दुकानाच्या माडीवर जागा दिली आणि माझं पहिलं काम दिलं. हे बिघडलं तर पिशवी उचलून गावी, ही धास्ती झोपेतही सुटत नसे.

मी मेनू केला: कॉटन, सिल्क, जॉर्जेट. शेठनी फोन लांब धरला.

"बाई कापड मांगत नही रे भो. कोनले द्यानी शे, ते सांगस."

खरंच होतं; साडी कुणाला द्यायची, तेच बायका आधी सांगत. दुकानातले नोकर आपसात दोनच शब्द वापरत: नेसण्याच्या आणि देण्याच्या. मी तेच दोन कप्पे मेनूत टाकले, खाली किमती. शेठ खूश. मी त्याहून खूश.

काही दिवसांनी लोणखेड्याच्या एक बाई फोन उगारूनच आत शिरल्या.

"शेठ, हाई साडी मन्ही विहीननी मले मानानी म्हनीसन दिनी. आनि आठे 'देण्याच्या'मा शे! किंमतबी शे!"

माझ्या हातातला चार्जर खाली पडला. देण्याच्या म्हणजे आहेरातल्या स्वस्त साड्या, हे प्रत्येक बाईला ठाऊक असतं. कुणी बोलत नाही, एवढंच. मी ते जगजाहीर केलं होतं.

शेठ उठले. "पहिले बठा, बाई." गादीवरचा गठ्ठा सरकवला, स्वतःच्या हाताने पाणी दिलं. बाईंनी पेला रिकामा करून खाली ठेवला.

"आपन घरमा काहीबी नेसतस," मग ते म्हणाले. "देतांना मातर नाक राखतस. देण्यानी साडी वरनीच राहस." म्हणजे देण्याची साडी नेसण्याच्या साडीहून वरचीच.

"आनि किंमत?"

शेठनी मान खाली घातली. "ती चूक मन्ही शे."

बाईंनी शेठकडे पाहिलं, मग पांढऱ्याफटक पडलेल्या माझ्याकडे पाहिलं, आणि हसू दाबत म्हणाल्या, "चहा सांगा."

मी माडीवर जाऊन पिशवी भरायला घेतली. जिन्याखालून आवाज आला, "थैली ठेव. पाटी बदल."

'देण्याच्या'चं 'मानाच्या' झालं, किमती गेल्या. गंमत म्हणजे बायका स्वतःसाठीही मानाच्याच मागू लागल्या. "मन्हा मान मीच करस!" एकीने ठणकावलंही.

मेनूत सगळ्यात वर मी आणखी एक शब्द टाकला: 'बसा'. त्यावर दाबलं की विकायला काहीच नाही; नुसता गादीचा फोटो. शेठनी फोन लांब धरला, डोळा मिटला.

"आते बठी."

आता शेठ नाहीत. दुकान सूनबाई बघतात. परवा वेबसाइट नवी करताना त्या म्हणाल्या, "दादा, हे 'बसा' काढून टाका. कशाला लागतं?"

मी फोन पुढे केला. त्यांनी दाबलं. गादी, पांढरी चादर, आणि कडेला फोटोत अर्धाच आलेला शेठचा हात, पाण्याचा पेला पुढे करणारा. चेहरा नाही.

"राहू द्या," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा हात आपसूक डोक्यावरचा पदर पुढे ओढायला गेला.