हुतुतूचा पंच

हिंगोलीच्या शाळेत मी गणित शिकवत असे. निजामाचा अंमल होता, त्यामुळे वर्गातलं शिकवणं उर्दूत आणि मैदानावरचं ओरडणं मराठीत. मला खेळातलं काही कळतं असा कुणाचाच समज नव्हता. तरी दुसऱ्या तालुक्याचा संघ हुतुतू खेळायला आला त्या दिवशी ठरलेले पंच तापाने पडले आणि हेडमास्तरांनी शिट्टी माझ्या गळ्यात अडकवली. त्या दिवशी माझा सदरा धुतलेला होता, एवढीच माझी लायकी.

आमचा चढाईचा पोरगा नरसीकडच्या शेतकऱ्याचा. अंगाने काटकुळा, पण दम लांब. महिन्यावर त्याची मॅट्रिक होती. बाप बाजारच्या दिवशी मला गाठून विचारायचा, "मास्तर, निघंल ना पोरगं?" मी छाती काढून सांगायचो, "गणिताचं माझ्याकडे लागलं."

पाहुण्यांत एक दांडगा होता. पहिल्याच पकडीत त्याने आमच्या पोराची मान दाबून तोंड मातीत घासलं. खेळ थांबवून समज द्यायची ती हीच वेळ. मी काय केलं, तर विनोद केला.

"काय रे, गडी धरून राहिला का गोऱ्हा जुंपून राहिला?"

मैदान हसलं. दांडगाही हसला. त्या हसण्यात त्याला मुभा मिळाली हे माझ्या ध्यानात आलं नाही. आपण पंच म्हणून फार रंगलो आहोत, एवढंच आलं.

दोरीपाशी तांड्यावरचे एक म्हातारे उभे होते. ते म्हणाले, "मास्तर, हसण्यावारी नेऊ नका. लेकराचं हाड हाय ते."

"बाबा, आपल्याच शाळेचा म्हणून शिट्टी मारली तर पाहुणे काय म्हणतील?"

"पाहुणे जातील सांजच्याला," म्हातारे म्हणाले. मी ऐकलं नाही.

शेवटच्या चढाईला तिघांनी पोराला खाली पाडलं. चुन्याच्या फक्कीने आखलेली मधली रेघ त्याच्या बोटांपासून वीतभर लांब होती. दम टिकवून तिला हात लावला की तिघेही बाद. दांडग्याने त्याचा उजवा हात पाठीवर नेऊन पिळला. मला ते दिसत होतं. पण मी गुडघे टेकून, कानाशी हात धरून दम ऐकत होतो. दम मोडला की शिट्टी, तोवर नाही, हे मी गणितासारखं पाठ केलं होतं. 'हुतुतू' चालू होतं. मग ते बारीक झालं, रडण्यासारखं झालं, तरी मोडलं नाही. मोडलं ते दुसरंच काहीतरी. त्याचा आवाज मी कानाशी धरलेल्या हातामुळे अगदी स्वच्छ ऐकला.

मग मी शिट्टी वाजवली.

खांदा होता. वैदूने पट्ट्या बांधल्या, परीक्षा गेली. आठ दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. वाटेत चार सांत्वनाची वाक्यं जुळवली होती, ती उंबऱ्यातच संपली. बापाने चहा ठेवायला सांगितला आणि विचारलं, "तुमी तिथंच व्हते ना, मास्तर?"

"व्हय," मी म्हणालो.

पोरगा बाजेवर पडून होता. मी म्हणालो, "अरे, दम काहून सोडला न्हाईस? सोडला असतास तर त्यांनी हात सोडला असता."

"सर, तुमी बघून राहिले होते. म्हटलं, आता वाजवतील."

पुढच्या वर्षी रझाकारांच्या धामधुमीत शाळाच बंद पडली. ती उघडली तेव्हा पोरगा नांगरामागे लागला होता आणि तिथेच राहिला. बाप बाजारात दिसायचा, रामराम करायचा, निघंल का म्हणून विचारत नसे.

शाळा उघडल्यावर मी शिट्टी मागून घेतली. हेडमास्तर चकित झाले. पुढे पुष्कळ वर्षं पंच होतो. मान दाबली, हात पिळला, की पहिल्याच खेपेला खेळ बंद आणि समज, दुसऱ्या खेपेला गडी दोरीबाहेर. मग तो आमचा असो की पाहुण्यांचा. सामने बेचव करतो म्हणून मास्तर मंडळी कुरकुरायची, आणि ते खरंच होतं. मी मैदानावर विनोद करत नसे. दम ऐकायला वाकतही नसे. उभा राहून पोरांचे हातपाय बघायचो.