डिझेलवर शंका

वडिलांचा बिछायत केंद्राचा धंदा होता. लग्न असो, तेरवी असो की पुढाऱ्याची सभा, सतरंज्या, कनाती, खुर्च्या आणि नवरा-नवरीची दोन सिंहासनं आमच्याकडून जात. दुसऱ्याचा थाट भाड्याने पुरवणाऱ्या घरात मी वाढलो, त्यामुळे मला थाटाचं फारसं कौतुक उरलं नाही. सिंहासनाच्या मखमलीखाली काथ्या भरलेला आहे आणि एका पायाखाली विटेचा तुकडा लावावा लागतो, हे मला शाळेत नाव घालायच्या आधीपासून ठाऊक होतं. वडिलांनाही ते ठाऊक होतं. तरी सिंहासन गाडीत चढताना ते कडेला उभे राहून असे पाहत, जणू राजाच चालला आहे.

गाडी म्हणजे लिलावात घेतलेली जुनी पिकअप. सत्तरच्या दशकात पेट्रोल महागलं तेव्हा तिला 'डिझेल करायची' असं वडिलांनी ठरवलं. तेव्हा नागपुरात बऱ्याच जणांनी हे केलं. पेट्रोलचं इंजिन उतरवायचं आणि कुठून तरी आणलेलं वापरलेलं डिझेल इंजिन त्या जागी बसवायचं. जागेची अडचण नव्हती. आजोबा विणकर होते. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून त्यांनी जन्मभर लुगडी विणली. माग विकला गेला, पण खड्डा विकता येत नाही, म्हणून तो शेडमध्ये तसाच होता. वडिलांनी तो लांब आणि खोल करून घेतला, त्याच्यावर गाडी उभी केली, वर लोखंडी गर्डर टाकून चेन-कुप्पी, म्हणजे साखळीची कप्पी, टांगली आणि मिस्त्रीने साखळी ओढत इंजिन आत सोडलं. ते सुरू झालं तेव्हा शेडचे पत्रे थरथरले आणि वडिलांनी गल्लीत पेढे वाटले. नातवासाठी ठरवून ठेवलेले पेढे इंजिनाच्या वाट्याला गेले, असं आई म्हणाली.

त्यानंतर घरी येणाऱ्या प्रत्येकाला एक कार्यक्रम सक्तीचा झाला. वडील बोनेट उघडत, ऑईल मोजायची पट्टी ओढून काढत, जुन्या लुगड्याच्या चिंधीने पुसत, पुन्हा आत घालून काढत आणि पाहुण्याच्या नाकासमोर धरत.

"पाहा. वरच्या खुणेच्याही वर. टाकलं तेव्हापासून एक थेंब खाल्ला नाही. लोकायचे इंजिन ऑईल पितात, आमचं उपाशी पळते."

पाहुणे मान डोलवत. नागपूरचा माणूस चहा मिळेपर्यंत कशालाही मान डोलवतो. मी एका शाळेत शिकवत होतो आणि कशावरही चटकन विश्वास ठेवायचा नाही अशी माझी ख्याती होती. पण न खाणाऱ्यावर शंका घ्यावी, हे मला तरी कुठे सुचलं होतं?

शंका आली ती डिझेलवरून. टाकीचा काटा कधीच मेला होता. वडील बांबूची कमटी टाकीत घालून डिझेल मोजत. कमटीवर त्यांनी चाकूने खाचा पाडल्या होत्या. काही दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की हिशोबापेक्षा डिझेल जास्त उतरतं. खापरखेड्याच्या कॉलनीत लग्नाची बिछायत पोचवून आलं, तर थोडं जास्त. कुहीला जाऊन आलं, तर बरंच जास्त.

कुहीजवळच्या गावी माझी ताई दिलेली होती. जवाईंची धानाची शेती होती आणि धान निघालं की ते आमची पिकअप घेऊन जात, पोती राईस मिलला पोचवत आणि गाडी परत आणून देत. त्यांच्या विहिरीवर पंप होता. तो डिझेलवर चालत असे.

वडील हे सगळं एका वाक्यात कधीच बोलले नाहीत. जवाई म्हणजे विष्णूचा अवतार, त्यांना पाटावर बसवून ओवाळायचं असतं. मग वडील वाक्याचे तुकडे करून वेगवेगळ्या वेळी बोलत. सकाळी दात घासताना, "खापरखेड्याले एवढं उतरत नाही." जेवताना, "पंपाले दिवसाले किती डिझेल लागत असन, गा?" हा प्रश्न मला असे. संध्याकाळी, कोणालाच नाही, "माणूस तसा बरा हाये."

आईला त्या शेवटच्या वाक्याने सगळं कळलं. "माणूस बरा हाये म्हणायची पाळी आली म्हंजे झालंच," ती म्हणाली.

मला रहस्यकथा वाचायचा नाद होता. त्यातून एवढं शिकलो होतो की पहिल्या पानापासून ज्याच्यावर संशय असतो, तो शेवटी निर्दोष निघतो. पण घर हे रहस्यकथेच्या नियमाने चालत नाही. जवाईंकडे विहीर होती, पंप होता, आमची गाडी दोन-दोन दिवस असे. माझ्याही मनातून ते उतरत चालले होते, आणि ते आले की मी त्यांच्याशी जरा जास्तच गोड बोलत असे. गोड बोलणं हे आमच्या घरात संशयाचं पहिलं लक्षण.

मग वडिलांनी टाकीच्या झाकणाला पट्टी जोडून घेतली आणि तिला कुलूप लावलं. पितळेचं, दुकानाच्या शटरला शोभेल असं. विचारणाऱ्याला सांगत, "धूळ जाते आत. नोझल खराब होते."

त्या वर्षी धान निघालं आणि जवाई गाडी न्यायला आले. मागे जाऊन त्यांनी कुलूप पाहिलं. आत येऊन बसले. आईने चहा दिला.

"बाबा, किल्ली?"

"काही गरज नाही, जवाई. टाकी पुरी भरून ठेवली हाये. तुमाले उघडायची पाळीच येणार नाही."

जवाईंनी कप खाली ठेवला. त्यात चहा तसाच होता. "मंग गाडी बी राहू द्या," ते म्हणाले आणि एसटी स्टँडकडे चालू लागले. वडील दारापर्यंत गेले आणि उंबरठ्यावरच थांबले. धान जवाईंनी बैलगाड्यांनी नेलं, असं मागाहून कळलं.

तरी कुलूप निघालं नाही. पुढे कुहीकडच्याच एका लग्नाची बिछायत होती. वडील स्वतः गाडी घेऊन गेले, गाडीतच झोपले, किल्ली बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. परत आल्यावर कमटी घातली. डिझेल तेवढंच उतरलं होतं. आता गाडीजवळ वडिलांशिवाय दुसरं कोणी गेलंच नव्हतं, म्हणजे चोर कोण ते उघड होतं. पण वडिलांनी पेट्रोल पंपवाल्याचं माप खोटं आहे असं ठरवलं आणि कुलूप तसंच ठेवलं.

थंडी संपता संपता ताई एकटी आली. पहिलंच बाळंतपण होतं. धंतोलीतल्या डॉक्टरीणबाईंना दाखवायचं होतं. जवाईंनी तिला एसटी स्टँडवर रिक्षात बसवून दिलं आणि ते तिथूनच परत फिरले. घरापर्यंत आले नाहीत. आईच्या ते ताबडतोब ध्यानात आलं.

जेवणं झाल्यावर ताई म्हणाली, "बाबा, मी बाळंतपणाले इकडं येणार नाही."

"काहून वं?"

"ते ह्या घरात पाय ठेवत नाहीत. मी पोर घेऊन इथं बसू, आन् पोराचा बाप स्टँडवरून पाहून जाईन का? त्यापेक्षा कुहीलेच बरी. तिथली सुईण हाये."

आई रडू लागली. वडिलांनी घसा साफ केला. "ते कुलूप तं धुळीपायी—"

"धूळ काय फक्त कुहीच्याच रस्त्यावर हाये?"

मग वडील चिडले. उठून कमटी घेऊन आले आणि न्यायालयात पुरावा मांडावा तशा तिला खाचा दाखवू लागले. खापरखेड्याला एवढं, कुहीला एवढं. ताईने ऐकून घेतलं.

"मागच्या खेपेले तुमी एकटेच गेल्ते ना? तवा किती उतरलं?"

वडिलांनी कमटी उलटी करून खाली ठेवली.

"आन् तुमचं ते ऑईल? अजूनही वरच हाये का?"

या प्रश्नाने वडिलांचा जीव भांड्यात पडला. ऑईलबद्दल बोलायला ते कधीही तयार असत. आम्ही शेडमध्ये गेलो. त्यांनी पट्टी काढून दाखवली. ऑईल खुणेच्या बोटभर वर होतं, आधीपेक्षाही जास्त.

ताईने ते बोटावर घेतलं, चोळलं, नाकाशी नेलं. "बाबा, भांड्यातलं दूध आपोआप वाढलं तं आई कोणाले धरते?"

"गवळ्याले."

"मंग इथं कमी झालं तं जवाई चोर, आन् वाढलं तं तुमची पुण्याई?"

मला पहिल्यांदाच माझ्या शिक्षणाची शंका आली. वडील खड्ड्यात उतरले. त्यांनी खाली घमेलं ठेवलं आणि ऑईलच्या चेंबरचा नट सोडला. जे आलं ते ऑईल नव्हतं. पाण्यासारखं पातळ, काळं, डिझेलच्या वासाचं काहीतरी भळाभळा येत राहिलं आणि घमेलं भरून वाहू लागलं. मिस्त्रीला बोलवायचं का, असं मी विचारलं. "नोको," ते खड्ड्यातून म्हणाले. "त्यानंच सांगतलं होतं, इंजिन ऑईल खात नाही म्हणून." त्यांचा संशय आता मिस्त्रीकडे वळला होता. संशयाला रिकामं बसवत नाही.

टाकीतून डिझेल ओढून इंजिनाला देणारा एक छोटा पंप असतो. त्याला गॅरेजात एसी पंप म्हणतात. आम्ही तो सोडवला. आतला कापडी पडदा चिरलेला होता. गाडी चालली की डिझेल त्या चिरेतून ऑईलमध्ये उतरत होतं. गाडी जेवढी लांब जाईल तेवढं जास्त. कुही लांब होती, एवढाच कुहीचा गुन्हा.

दुसऱ्या दिवशी पडदा नवा टाकला, ऑईल बदललं, कुलूपही काढलं. ताईला पोचवायला वडील आणि मी कुहीला निघालो. शाल, नारळ आणि एक सिंहासन न्यायचा त्यांचा बेत होता. जवाईंना सिंहासनावर बसवून सत्कार करायचा. आईने विचारलं, "त्याच्या खाली वीट कोण लावन?" मग शाल आणि नारळही घरीच राहिले.

जवाई खळ्यावर होते. वडिलांना बाज दिली, पाणी दिलं. वडिलांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला फाटका पडदा काढला आणि त्यांच्या हातात ठेवला.

"हा फाटला होता. डिझेल आतल्या आत जात होतं."

जवाईंनी तो उन्हात धरून पाहिला. "म्हंजे तुमाले माह्यावर शंका होती."

"नाही, नाही. माणसावर नाही. शंका डिझेलवर होती."

"मंग डिझेलची माफी मांगा. मले काय दाखवता?"

ताई हसू दाबायला आत गेली. मला कुठे पाहावं ते समजेना, म्हणून मी एका बैलाकडे पाहू लागलो. वडिलांनी बाजेची सुटलेली दोरी ताणून बांधली. मग कोणाकडे न पाहता म्हणाले, "चुकलं माहं. पोरीले घरी येऊ द्या. तुमीही चाला."

जवाई उठले, घरात गेले, आणि थोड्या वेळाने ताईची पेटी घेऊन बाहेर आले. गाडीत पुढे बसायला मात्र तयार झाले नाहीत. ताई वडिलांशेजारी बसली. जवाई आणि मी मागे, त्यांनी आमच्या घरासाठी चढवलेल्या तांदळाच्या पोत्यांवर. वाटेत "धूळ लई हाये," असं ते एकदा म्हणाले, आणि ते साधं बोलणं होतं की टोमणा, हे मला आजही सांगता येणार नाही.

नागपूरच्या अलीकडे वडिलांनी पंपावर गाडी थांबवली. एरवी टाकी उघडताना ते स्वतः उतरून झाकणाशी उभे राहत. त्या दिवशी ते उतरले नाहीत. जवाईंनी पोत्यावरून उडी मारली, झाकण फिरवून काढलं आणि पंपावरच्या माणसाला मोठ्याने म्हणाले, "भर गा. आन् नीट पाहून घे, मी टाकून राहिलो, काढून नाही राहिलो."

पुढच्या काचेवर एक डाग होता. वडिलांनी खांद्यावरचा दुपट्टा घेतला आणि तो डाग पुसायला लागले. डिझेल भरून झालं, झाकण लागलं, तरी ते घासतच होते. मागे वळून पाहिलं नाही. ताईने त्यांना सांगितलं नाही की डाग काचेच्या बाहेरून आहे.