पांढऱ्या कपातला चहा

शैलाताई रोज संध्याकाळी दोन वेगवेगळे चहा करायच्या. एक निळ्या कपात, एक पांढऱ्या. पांढऱ्यातला एक घोट घ्यायच्या, पाण्याने चूळ भरायच्या, मग निळ्यातला चमचाभर चाखून डोळे मिटून थांबायच्या. "नाही कळणार," असं स्वतःशीच म्हणून निळा कप बाहेर वसंतरावांना नेऊन द्यायच्या. पांढरा स्वतः प्यायच्या. लखनौच्या निशातगंजमधल्या त्यांच्या ओट्याला टेकून हे मी जवळजवळ सव्वा वर्ष पाहिलं.

आम्ही दोघी एकाच संशोधन संस्थेत. मी भांडार विभागात, त्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. त्या अकोल्याच्या, मी सांगलीची. घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर, त्यामुळे येता-जाता रिक्षा एकच. माझ्या पर्समध्ये कायम एखादी यादी असते. त्यावरून त्या मला चिडवायच्या, "मीना, तू मेलीस तर वर जाऊनही विचारशील, सामान किती आलं, किती कमी आहे."

वसंतराव बँकेत, सरोजिनी नगरच्या शाखेत. त्यांना हृदयविकाराचा झटका आला, स्टेंट बसवला आणि डॉक्टरांनी खाणं बदलायला सांगितलं. शैलाताईंनी पहिल्याच दिवसापासून सगळं बदललं. उकडलेला दुधी, बिनसाखरेचा चहा, आळणी वरण. चौथ्या दिवशी वसंतरावांनी ताट सरकवलं. "शैला, यार, यापेक्षा अटॅक बरा होता." दुसऱ्या दिवशी त्यांच्या डब्यातली भाजी तशीच परत आली आणि शर्टाला खस्ता कचोरीचा वास आला.

त्या संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या. "एकदम नाही जमायचं. थोडं थोडं करू. इतकं थोडं, की जिभेला चाहूल लागू द्यायची नाही. तू मला तक्ता करून दे."

तक्ता हे माझं काम. महिना, साखर, तेल, मीठ, पीठ, वसंतरावांचं वजन, वसंतरावांची रक्तातली साखर आणि शेवटी शेरा, असे रकाने मी आखले. चहात दोन चमचे साखर होती. पहिल्या दोन महिन्यांत पावणेदोन, पुढच्या दोन महिन्यांत दीड. तेल पळीने नाही, चमच्याने. गव्हात दर महिन्याला मूठभर ज्वारी जास्त. कागद त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि अमीनाबादच्या बाजारातून मापाचे चमचे आणले.

पण एक अडचण त्यांच्याच लक्षात आली. "अगं, त्यांच्याबरोबर माझी जीभही बदलणार. मग मूळ चव कशी होती ते मला तरी कसं आठवेल? त्यांना फरक कळेल की नाही, हे ठरवायचं कशावरून?"

प्रयोगशाळेत नमुने तपासताना शेजारी एक ठरलेला, कधीच न बदलणारा नमुना ठेवतात. त्याला स्टँडर्ड म्हणतात. प्रत्येक नवा नमुना त्याच्याशी ताडून पाहायचा. शैलाताईंनी तीस वर्षं हेच केलं होतं, घरीही तेच केलं. रोज मूळ चवीचा एक चहा, एक वाटी जुन्या तेलामिठाची भाजी, गव्हाच्या दोन तूप लावलेल्या पोळ्या. हे स्टँडर्ड. त्याच्याशी ताडून वसंतरावांचं ताट वाढायचं.

"चाखून बाकीचं टाकून द्या की," मी एकदा म्हटलं.

"लॅबमध्ये सिंकमध्ये ओततो. घरी अन्न टाकायचं का?"

"मग निदान अर्धा कप करा."

"अर्ध्या कपाची चव वेगळी लागते, मीना. स्टँडर्ड हललं की सगळं हललं."

ज्वारी दळायला मी त्यांच्यासोबत जायचे. चक्कीवाला दर महिन्याला कुरकुरायचा. "बहनजी, इस बार और ज्वार? रोटी टूटेगी." त्या गंभीरपणे सांगायच्या, "टूटने दो भैया, बस उनको पता नहीं चलना चाहिए." परत येताना एखाद्या मुलीसारख्या हसायच्या. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याला फसवण्याची ही त्यांची पहिलीच वेळ असावी.

आकडे उतरत गेले. वसंतरावांचं वजन आठ किलोंनी कमी झालं. शेऱ्याच्या रकान्यात दर महिन्याला शैलाताईंच्या बारीक अक्षरात दोनच शब्द असायचे, "कळलं नाही."

आठव्या-नवव्या महिन्यात मी त्यांना पांढरा कप हातात घेऊन नुसतं उभं असलेलं पाहिलं. "आता हा गोडमिट्ट चहा घशाखाली उतरत नाही गं. औषधासारखा पिते." मी म्हटलं, सोडून द्या. "अजून थोडे महिने. त्यांचं पाव चमच्यावर आलं की सोडेन." संस्थेतली वार्षिक तपासणी त्यांनी त्या वर्षी टाळली. "आधी ह्यांची घडी बसू दे, मग माझं बघू." त्या थकलेल्या दिसायच्या. पाण्याची बाटली दुपारपर्यंत दोनदा भरायच्या. लखनौचा उन्हाळा आहे, तहान लागायचीच, असं मला वाटलं.

तक्त्याखाली मी एक ओळ लिहिली होती, "रोज चालणं, सोबत कुणीतरी असावं." म्हणून त्या वसंतरावांबरोबर चालायला लागल्या. नव्या चपलेने अंगठ्याजवळ फोड आला. तो फुटला आणि भरेना. तीन आठवडे त्या हळद लावून कामावर आल्या. चौथ्या आठवड्यात ताप चढला आणि पाय काळानिळा पडला. रुग्णालयात त्यांची साखर तपासली, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "इनका इलाज कहाँ चल रहा है?" कुठेच चालू नव्हता. बोट काढलं, मग पाऊल काढायचं ठरलं. त्याआधीच विष रक्तात पसरलं होतं. अकराव्या दिवशी त्या गेल्या.

नुसत्या चहाने असं होत नाही, हे डॉक्टरांनी मला नीट सांगितलं. त्यांच्या आईला मधुमेह होता, दुखणं बरंच जुनं असणार. वेळेवर तपासलं असतं तर आटोक्यात राहिलं असतं. मी मान डोलावली. घरी येऊन तक्त्याची माझ्याकडची प्रत काढली. आठ रकाने. त्यात शैलाताईंसाठी एकही नव्हता. रकाने मीच आखले होते.

तेराव्यानंतर आवराआवर करायला गेले, तर वसंतराव कपाटाचं दार उघडून तो कागद वाचत उभे होते.

"मीनाताई, हे काय आहे?"

मी सांगितलं. साखर, तेल, ज्वारी, तक्त्यात होतं तेवढं सगळं. ते शेऱ्याच्या रकान्यावरून बोट फिरवत खाली आले. कळलं नाही. कळलं नाही. कळलं नाही.

"पहिल्या महिन्यातच कळलं होतं," ते म्हणाले. "चहा फिका लागला. वर पाहिलं तर ती दारात उभी राहून माझं तोंड न्याहाळत होती. इतकी खूश दिसली, की मी म्हटलं, चलने दो. नंतर भाजीचंही कळलं, पोळीचंही. काही बोललो नाही. तिचा आनंद कशाला घालवायचा?"

मी कोपऱ्यातला झाडू उचलला.

"बरं, किती कमी केलंय ते मला माहीत नव्हतं. परवा पहिल्यांदा स्वतः चहा केला, तर साखर किती घालायची ते कळेना."

"पाव चमचा," मी म्हणाले. "गेल्या महिन्यापासून."

त्यांनी आधण ठेवलं. फडताळातून निळा कप काढला, मग पांढरा. तो हातात धरून थोडा वेळ पाहत राहिले.

"एक विचारू? माझं सगळं कमी करत होती, मग स्वतः एवढा गोड चहा का घ्यायची? आणि ती तूप लावलेली पोळी? मला कधी समजलं नाही. मी विचारलंही नाही."

हातात झाडू होता. मी ओट्याखालचं झाडत राहिले, जिथे काही नव्हतं.

"त्यांना गोड आवडायचं," मी म्हणाले.

"हो ना," वसंतराव म्हणाले. "मलाही तसंच वाटायचं."

त्यांनी पांढऱ्या कपात दोन चमचे साखर घातली, चहा गाळला आणि कप माझ्यापुढे ठेवला. "आज तिच्यासारखा घ्या."

अन्न टाकायचं नसतं. ते समोर बसले होते. मी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.