माझा जामीनदार

नोकरी गेल्यानंतर मला एका माणसानं झपाटलं, आणि तो माणूस चांगला जिवंत होता. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटच्या गुजरी बाजारात भाजी घेताना तो मला पाठमोरा दिसायचा. कालीपुतली चौकात, बसस्टँडवर, दवाखान्याच्या रांगेतही दिसायचा. गळ्यात पांढरा दुपट्टा, डावा खांदा जरा उतरलेला. दिसला की मी वाट बदलायचो. एकदा तर घाबरून चपलांच्या दुकानात शिरलो आणि नको त्या चपला पायात घालून बघत बसलो. बाहेर आलो तर तो भलताच कुणी म्हातारा निघाला, पानवाल्याशी भांडत उभा होता.

आम्ही दोघं भरवेलीच्या रस्त्यावर एका ठेकेदाराच्या धर्मकाट्यावर कामाला होतो. भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, आम्ही वजन करून पावती फाडायचो. एका पाळीत तो, दुसऱ्या पाळीत मी. पाळी बदलताना डब्यातलं उरलेलं एकमेकांना देणं, एवढीच काय ती मैत्री, पण ती वर्षानुवर्षं चालली. तो माझ्याआधी काम सोडून किरनापूरला आपल्या गावी गेला आणि घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान टाकून बसला.

पुढे माझ्या बायकोच्या हृदयाचं ऑपरेशन नागपूरला करायचं ठरलं. फायनान्सवाल्यांकडे कर्ज काढायला गेलो तर ते म्हणाले, जामीनदार आणा. सख्ख्या भावांना अचानक कामं निघाली. याला फोन केला तर हा दुपारच्या बसनं हजर. रक्कम किती, हेसुद्धा विचारलं नाही. दाखवल्या जागी सह्या केल्या, "वहिनीचं पाह्य पयले," म्हणाला आणि परतीच्या बससाठी पळाला.

बायको वाचली. त्यानंतर ठेका बदलला. नव्या ठेकेदारानं नवी पोरं आणली आणि त्यांच्यातल्या एकानं मला सांगितलं, "अंकल, अब आप आराम करो." आराम! साठीला थोडीच वर्षं उरलेल्या माणसाला आराम कोण पुरवणार होतं, हे त्या शहाण्याला मी विचारायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही, अजूनही आठवलं की दात आवळतो. राइस मिलवाल्यांकडे खेटे घातले. ते आधी माझ्या केसांकडे बघायचे, मग म्हणायचे, बघू. हप्ते थकले आणि फोन सुरू झाले.

कोर्टाजवळच्या एका वकिलानं मार्ग सांगितला. "अंकल, दिवालिया होने की अर्जी लगाते हैं. कोर्ट मान गया तो आपके पीछे कोई नहीं आएगा."

"और जमानतदार?"

"उसका नहीं छूटता. कंपनी उससे वसूलेगी."

आमच्या घरात कुणाचं दिवाळं निघालं, हे आवाज खाली करून बोलायची गोष्ट होती. तरी खरं सांगतो, त्या दिवशी वकिलाकडून निघताना मला हलकं वाटलं. सायकल हातात धरून चालत होतो आणि चक्क शीळ घालत होतो. मग समोरून पांढरा दुपट्टा आला आणि माझी शीळ बंद झाली. तिथून हे झपाटणं लागलं ते लागलंच.

त्यात त्याचे फोन यायला लागले. खाटेवर फोन थरथरायचा, वर त्याचं नाव. मी तो पालथा घालून ठेवायचो.

"उचला ना, त्याचाच हाय," बायको म्हणायची.

"उचलतो."

उचलला कधीच नाही. त्याचा आवाज ऐकला तर अर्ज टाकायचा धीर राहणार नाही, याची मला खात्री होती. पण त्याला न सांगता टाकायचा, तर पुढे आयुष्यभर चपलांच्या दुकानांत शिरत बसावं लागलं असतं. शेवटी एका सकाळी किरनापूरची बस धरली. समोर बसायचं, सगळं सांगून टाकायचं आणि उठायचं, असं ठरवून.

त्याची बायको अंगणात तांदूळ पाखडत बसली होती. मी फाटक ढकललं तसं तिनं मान वर केली आणि तिच्या हातातलं सूप थांबलं. तिनं आधी माझ्या पायांकडे पाहिलं. पाय सरळ होते, धुळीनं भरलेले होते. मग तिनं तोंडाकडे पाहिलं.

"भाऊजी?" ती म्हणाली. "तुमी त... गेलते ना?"

मला काही कळेना. तेवढ्यात तो दुकानातून बाहेर आला. मला बघून तो ये म्हणाला नाही, बस म्हणाला नाही. बायकोकडे बघत म्हणाला, "मीच सांगतलं होतं."

फायनान्सची पोरं त्याच्या दुकानात येऊन गिऱ्हाइकांसमोर वाटेल ते बोलत होती. त्याचे मुलगे चिडले आणि माझ्या दारात येऊन तमाशा करायला निघाले. "वहिनीचं आपरेशन झालेलं, तिनं काय आयकाचं?" तो मला म्हणाला. "मंग मी सांगून देल्लं का तो गेला, वहिनीले पोरीनं रायपूरले नेलं, हप्ते आता आपुनच भराचे. तुले हेच सांगाले फोन करत होतो. तू उचलतच नाई."

मला आधी रागच आला. मला न विचारता मला मारून टाकलं होतं यानं! मग अंगावर काटा आला. मी ज्याच्यापासून पळत होतो, तो इकडे माझ्या मरणाच्या आड मला लपवून हप्ते भरत होता.

त्याची बायको सूप बाजूला ठेवून उठली. "तुमच्या तेरवीले मले येवाले नाई भेटलं म्हनून मी रडली," ती म्हणाली. "माह्या गळ्यातलं मोडलं. गेलेल्या मानसाचं देनं हाय, पुन्य लागते, म्हनून मी एक सबद नाई बोलली. आता तुमी जित्ते हाय. आता आमी काहून भराचं?"

"अवं, चूप बैस," तो म्हणाला. पण ती माझ्या उत्तराची वाट बघत तशीच उभी होती. मी तिथे सांगायला गेलो होतो की मी सुटतोय. ते माझ्या तोंडून निघालं नाही.

"मी भरतो," एवढंच म्हणालो.

वकिलाला नकार कळवून टाकला. गर्रा गावाकडच्या एका राइस मिलमध्ये चौकीदारी मिळाली, ज्या कामाला मी आधी नाक मुरडलं होतं. हप्ता आता मी भरतो, आणि वर जे उरेल ते तिच्या मोडलेल्या दागिन्यापोटी घेऊन दर महिन्याला किरनापूरला जातो. बसमधून उतरलो की गावातली माणसं अजून माझ्याकडे वळून वळून बघतात. तो दुकानातून हात वर करतो. पैसे मी तिच्या हातात देतो. ती ते घेते आणि आत जाते. अजून तिनं मला बसा म्हटलेलं नाही.