बेचाळिसावा फर्मा

रोज देवाचं नाव लिहून मी वहीचं पान सुरू करते. आज त्याखाली माझ्या नणंदेविषयी लिहिते आहे. देवाची हरकत नसावी. गेले चार दिवस त्याच्यापुढे हात जोडून मी तिच्याबद्दलच तर बोलते आहे.

वन्सं पुस्तकं बांधायच्या कारखान्यात फर्मे शिवतात. फर्मा म्हणजे छापलेल्या मोठ्या कागदाची सोळा पानी घडी. असे फर्मे ओळीने लावून सुई-दोऱ्याने टाके घातले की त्याचं पुस्तक होतं. बावीस वर्षं हेच काम. लग्न केलं नाही, आणि का नाही हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. शाळा सातवीत सुटली. इंग्रजी म्हणाल तर अक्षरओळख, आणि औषधाच्या बाटलीवरचं नाव अडखळत वाचण्यापुरतं.

मग कारखान्यात जाडजूड शब्दकोश आला. शब्द इंग्रजी, अर्थ आपल्या भाषेत. वन्संच्या टेबलाकडे चाळीस ते अठ्ठेचाळीस नंबरचे फर्मे, म्हणजे जवळजवळ सगळा एस. घडी दाबताना एखादा शब्द डोळ्यांत भरायचा. कापून उरलेल्या कागदाच्या पट्टीवर त्या तो उतरवायच्या आणि घरी आणून पिठाच्या डब्यावर चिकटवायच्या. पीठ मळता मळता मीही वाचायची.

"सर्रेप्टिशस," एकदा त्यांनी ऐटीत म्हणून दाखवलं. "म्हणजे चोरूनमारून केलेलं. हा शब्द मी फोरमनच्या नाकासमोर पाठ केलाय!"

अवघड शब्दांचं त्यांना कौतुक होतंच, पण खरी गंमत वाटायची ती साध्या शब्दांची. स्कूल म्हणजे माशांचा थवासुद्धा. सीझन म्हणजे लाकूड वाळवून मुरवणं. साउंड म्हणजे आवाज, शिवाय धडधाकट, शिवाय दोरीला वजन बांधून पाण्याची खोली मोजणं.

"एकाच शब्दाला किती कामांना जुंपतात हो हे लोक!" मी म्हटलं.

"बाईसारखं," वन्सं म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

माझी लेक त्यांना मुद्दाम बी नाहीतर एमचे शब्द विचारायची. आत्या शांतपणे सांगायची, "ते आमच्या टेबलावर येत नाहीत. एसमधलं विचार, तुझ्या बाईंनाही येणार नाही असं सांगते." आणि सांगायची.

अशी सहा वर्षं गेली. गेल्या महिन्यात शब्दकोशाची नवी, वाढवलेली आवृत्ती आली. गुरुवारी सकाळी वन्संनी एक्केचाळिसाव्या फर्म्यावर बेचाळिसावा ठेवला आणि सुई थांबवली. एक्केचाळिसाव्याच्या शेवटच्या ओळीत साउंडचे दोनच अर्थ होते. तिसरा पुढच्या पानावर हवा. पुढचं पान उघडलं, तर तिथे एकदम स्प्रिंग.

त्यांनी फोरमनला हाक मारली. त्याने पानांचे आकडे पाहिले. सहाशे छप्पन्न, सहाशे सत्तावन्न.

"बरोबर आहे. शिवा."

"आकडे बरोबर आहेत. मजकूर तुटलाय. हा जुन्या आवृत्तीचा फर्मा आहे. तेव्हा पुस्तक लहान होतं, म्हणून याच आकड्यावर पुढचे शब्द यायचे. मधलं सगळं गेलंय बघा. स्पेस नाही, स्पिरिट नाही, स्पून नाही."

"चमचा नसला म्हणून कोणी उपाशी मरत नाही, मडमीणबाई. तुम्ही टाके मोजा."

शेजारच्या दोघी हसल्या. वन्संनी सुई दोऱ्यासकट उशीत खोचली. "मी हे शिवणार नाही."

"मग उद्यापासून येऊ नका."

"उद्याचं उद्या. आज इथेच बसते." आणि पाच वाजेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. हे त्या घरी सांगत होत्या तेव्हा आमच्या यांचा चेहरा उतरला. "ताई, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. शब्द गेले तर छापणाऱ्याचे गेले. तुझं काय जातंय?"

"माझेच गेलेत," वन्सं म्हणाल्या. "फुकट आले नव्हते."

त्या रात्री मी देवाकडे त्यांच्यासाठी सुबुद्धी मागणार होते. तोंडाशी आलेला शब्द परत गिळला. सुबुद्धी तर त्यांच्याकडे होतीच. कमी पडत असेल तर ती आम्हाला.

शुक्रवारी वन्सं गेल्याच. शिवण अडल्याचं कानावर गेल्यावर मालकांनी स्वतः जुनी आणि नवी प्रत शेजारी शेजारी ठेवून पाहिली. सोळाच्या सोळा पानं चुकलेली! छापखान्याला फोन गेला, सगळे बेचाळिसावे फर्मे परत पाठवले. आता तरी दोन शब्द बरे बोलतील असं मला वाटलं होतं. मालकांनी एक कागद पुढे केला. फोरमनच्या अक्षरात लिहिलं होतं की यापुढे कामाच्या वेळेत छापील मजकूर वाचणार नाही. खाली सहीची जागा.

"शिस्तीचा प्रश्न आहे, ताई," मालक म्हणाले. "उद्या सगळ्याच वाचत बसल्या तर शिवणार कोण? सही करा, म्हणजे विषय संपला."

"वाचलं म्हणून तुमचं पुस्तक वाचलं. वाचायचं नाही तर छापता कशाला, साहेब?"

"सही नसेल तर टेबल मिळणार नाही."

"टेबल मी बावीस वर्षांपूर्वी मिळवलंय." कागद त्यांनी सरळ करून, सहीच्या जागेवर बोटसुद्धा न लावता, मालकांच्या पुढ्यात ठेवला आणि उठल्या.

शनिवारी आठला नेहमीसारख्या गेल्या. दारात कोणी अडवलं नाही, या म्हणूनही कोणी म्हटलं नाही. काम नव्हतं. बसून आल्या.

आज सोमवार. नवे छापलेले बेचाळिसावे फर्मे आले, आणि ते त्यांच्याच टेबलावर ठेवायला लागले, कारण एस शिवायला दुसरा रिकामा हात कारखान्यात नाही. फोरमन समोर उभा होता. वन्संनी चष्मा पुसला, वरचा फर्मा उघडला आणि पहिल्या शब्दापासून वाचायला लागल्या. तेही मोठ्याने. साउंडची खोली मोजून झाली, मग साउथ, मग स्पेस. सोळा पानं. अख्खं टेबल खोळंबलं. गुरुवारी हसलेल्यांपैकी एक मान पुढे करून म्हणाली, "अक्का, जरा सावकाश, ते स्पिरिटचं पुन्हा सांगा ना." त्यांनी पुन्हा सांगितलं.

शेवटच्या पानावरची शेवटची ओळ वाचून झाल्यावर त्यांनी सुईत दोरा ओवला.